वीतभर

आज रात्री म्हणे पाच ग्रह रांगेत येणार.
मेसेज दुपारी आला, कारखान्यातल्या फोनवर,
आणि दिवेलागणीपर्यंत अर्ध्या गल्लीनं
बाजा बाहेर काढल्या.

मी जॉबर. अठ्ठावीस माग माझ्या हाताखाली.
बारावी सायन्स, दोनदा नापास,
तरी भौतिकशास्त्राचं पुस्तक अजून
पान्यांच्या डब्याखाली आहे, तेल पिऊन आरपार दिसणारं.
म्हणून शिवलीलाकाकू मलाच विचारतात:
"यमूल, खरं सांग की रे. हलवतील का?"

काकू, ओढायला सगळेच ओढतात.
पण जमीन ओढीनं ताणत नाही,
ताणते ती ओढीतल्या फरकानं.
या कडेला किती, त्या कडेला किती.
आणि अंतर दुप्पट झालं
की हा फरक निम्मा नाही, पाव नाही,
आठवा हिस्सा उरतो.
गुरूपर्यंत पोचता पोचता काय राहणार?
आत्ता गल्लीत शिरला ना, पाण्याचा टँकर,
तो तुमच्या डोक्यात नि पायात जेवढा फरक पाडतो
तेवढाही त्या पाचांना मिळून जमायचा नाही.

चंद्राचं वेगळं. तो जवळचा.
रोज दोनदा हे अख्खं सोलापूर तो उचलतो,
वीतभर, कधी दीड वीत,
किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वराचं तळं माशांसकट,
अक्कलकोट रोडवरचे बॉयलर, बांधून ठेवलेले चादरींचे गठ्ठे,
आणि परत ठेवून देतो.
बशीतला चहा हिंदकळत नाही.
सगळंच वर जातं, मग कुणाला कळणार?

काकू ऐकतात. शेंगा सोलायच्या थांबतात.
"त्र्याण्णवला माझी बहीण गेली, तेरणाकाठी.
आदल्या दिवशी गणपती बुडवले होते.
चंद्र बघ, परातीएवढा.
मग?"

मग काय.
मागावर धागा तुटतो तेव्हा
शेवटचा ठोका कुठला ते मी सांगू शकतो.
पण ठोके मिनिटाला सव्वाशे पडतात,
आणि धागा विरला होता आधीच, खळीत, बिमावर,
माझ्या हातात येण्याच्या कितीतरी आधी.
तुटायला आलेल्या भेगेला चंद्र
जरा लवकर, जरा उशिरा करत असेल.
असेल. मोठी माणसंसुद्धा एवढंच म्हणतात.
हे मी काकूंना सांगतो.
सांगत नाही ते असं:
त्या पहाटे मारणारी ओढ आकाशातली नव्हतीच,
इथलीच होती, पायाखालची,
जिनं चिखलात रचलेल्या हातहातभर जाड भिंती
झोपलेल्यांवर खाली घेतल्या.

नंतर लाईट गेली. माग एकेक करून गप्प झाले
आणि गल्लीला स्वतःचा आवाज ऐकू आला.
काकूंनी विचारलं, गुरू कुठला?
दाखवला. म्हटलं, त्याला एक चंद्र आहे, आयो नावाचा.
गुरू त्याला इतका पिळतो, इतका मळतो
की आतला दगड वितळून तोंडातोंडातून बाहेर पडतो.
तिथं खरंच ग्रहामुळं ज्वालामुखी आहेत, काकू.
"बिचारा," काकू म्हणाल्या.

इथलेही होते की. बाजेचा पाय टेकलाय
तो काळा फत्तर एकेकाळी वाहत होता,
साडेसहा कोटी वर्षं झाली. तेव्हा रांगेत कोण होतं
ते बघायला गल्ली नव्हती.

माझी बाज मी काकूंच्या बाजेशेजारी टाकली.
ग्रहांसाठी नाही.
चारला थोडी कमी असताना त्या उठून बसल्या,
रोजच बसतात म्हणे, तेव्हापासून.
उशाचा तांब्या उचलून
अंधारात पाण्याकडे बघत राहिल्या.
पाणी स्थिर होतं.
शहर तेव्हा वर चाललं होतं की खाली,
मला हिशेब येत नव्हता.